कुत्रं धरा हो!

रविवार, २७ जुलै २०२५

श्रावण लागला तशी धाराशिवच्या हातलाईच्या टेकडीवर पहाटेची वर्दळ वाढली. नेहमीचे फिरणारे आहेतच, त्यांत आता देवीला जाणाऱ्या बाया आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. पोरं घड्याळ लावून चढ पळत चढतात. पायवाट मात्र होती तेवढीच आहे. पावसाने दोन्ही अंगांचं गवत गुडघ्याला लागलं, आणि वळणावर समोरचा माणूस अगदी पुढ्यात आल्यावरच दिसतो.

माझा कुत्रा खंड्या बरोबर असतो. कारवान जातीचा, लातूरकडच्या ओळखीच्यांनी दिलेला. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. या जातीची सगळी भिस्त नजरेवर. ससा उठला की मालकाची हाक त्याच्या कानांपर्यंत पोचतच नाही. म्हणून घराच्या फाटकातून निघताना दोरी हाताला गुंडाळते, ती परत फाटकातच सुटते.

आज वळणावर एक धष्टपुष्ट लॅब्राडोर मोकळा धावत आला. समोर सत्तरीच्या एक आजी होत्या, डोक्यावर पदर, हातात नारळाची पिशवी. त्या जागच्या जागी थिजल्या आणि पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. कुत्रा शेपूट हलवत त्यांच्या पायांचा वास घेत होता. मालक बराच मागे. तिथूनच त्याने आवाज दिला, "घाबरू नका आजी, काही करत नाही तो!"

खरंच करत नसेल. पण हे आजींना कुठून ठाऊक असणार? कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, तो काळ पाहिलेली ही पिढी आहे. गावातलं एखादं पोर पाण्याला बघून किंचाळताना त्यांनी पाहिलं असेल, किंवा नुसतं ऐकलं असेल. काहीच घडलं नसेल आणि भीती तेवढी असेल, तरीही ती त्यांची आहे. देवीला निघालेल्या बाईने आधी आपल्या कुत्र्याची परीक्षा घ्यावी आणि मगच पुढे जावं, असं तिला सांगणारे आपण कोण?

मी काय करते ते लिहून ठेवते, कारण परवा एका मुलाने मुद्दाम विचारलं. समोर माणूस दिसला की वाट मी सोडते, आणि सोडते ती उताराकडच्या बाजूला. समोरच्याला डोंगराकडची बाजू मिळाली पाहिजे. घाबरलेला माणूस मागे न बघता एक पाऊल मागे घेतो. मागे चढ असेल तर पाठ टेकते, घसरण असेल तर पाय जातो. मग खंड्याला बसवते, बोटं पट्ट्याच्या आत घालते आणि त्याच्या व वाटेच्या मधे स्वतः उभी राहते. त्यानंतर मोठ्याने म्हणते, "या, धरलंय." नुसतं धरून भागत नाही, धरलंय हे बोलावंही लागतं. खंड्याचे कान मागे जातात, मानेतला एक स्नायू बोटांखाली ताठ होतो आणि माणूस पुढे गेला की सैल पडतो. तो सैल पडल्याशिवाय मी हलत नाही.

सोमवार, २८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार, रामलिंगला जाऊन आले. येडशीच्या घाटातलं ते खोलगट रान, भोवतीने वळसा घेणारा ओढा आणि मधे महादेव. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने इथेच अडवलं असं आपल्याकडे मानतात. माणसांची रीघ आणि त्यांच्या हातांवर डोळा ठेवून बसलेली माकडं.

खंड्याला घरी ठेवलं होतं. येडशी-रामलिंग घाट हे १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. तिथे पाळीव कुत्रं न्यायचं नाही, हा आमच्या घरचा कायमचा नियम. गर्दीतले दोघे मात्र पामेरियन कडेवर घेऊन आले होते. माकडांनी त्याला पाहिलं आणि झाडावर जो कालवा सुरू झाला तो थांबेना. एका बाईच्या हातातलं पूजेचं ताट खाली पडलं. बिचारं कुत्रं थरथर कापत होतं. त्याची तरी यात काय चूक?

गेल्या डिसेंबरात, २०२४ साली, याच रानात वनखात्याच्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला नर. मराठवाड्याच्या या भागात वाघ बघितलेला माणूस हयात नसेल. त्याला पकडायला पथकं आली, त्यांनी बरीच खटपट केली, गावोगाव चर्चा झाली. तेव्हा सगळ्यांना एकच काळजी, वाघ आपलं काय करील. आपलं कुत्रं वाघाचं काय करील हा प्रश्न कुणाच्या तोंडी नव्हता. २०१८ च्या पावसाळ्याअखेर गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, आणि त्यांतल्या अनेकांत कुत्र्यांकडून पसरणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आफ्रिकेत सेरेंगेटीत १९९४ साली याच रोगाने हजाराच्या आसपास सिंह मेले. लस न टोचलेल्या आजारी कुत्र्याशी गाठ पडली, एवढंही पुरतं. पाचशे किलोमीटर चालून आलेल्या पाहुण्याला आपल्या दारात रोग लागावा, याची मला लाज वाटते.

रविवार, ३ ऑगस्ट

फजरची नमाज आटोपून टेकडीवर येणारे एक चाचा आहेत. पांढरा स्वच्छ पायजमा, हातात तसबीह. खंड्या त्यांना ओळखतो, त्यांना बघून शेपूट हलवतो. तेही लांबूनच "काय खंडेराव" म्हणतात. कधी जवळ येत नाहीत, पण त्यात तुसडेपणा नसतो.

आज एका तरुण मुलीने आपलं पिल्लू त्यांच्या अंगावर उडी मारू दिलं, लाडाने. चाचा हसले, पिल्लाला हाताने हळूच बाजूला केलं आणि फिरणं अर्ध्यावर सोडून परतले. मुलीला वाटलं, आजोबांना कुत्री आवडत नाहीत. मी तिच्याबरोबर उतरले आणि वाटेत सांगितलं. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की तो धुतल्याशिवाय त्यांना नमाजला उभं राहता येत नाही. पुढच्या नमाजेच्या आत घरी जाऊन कपडे बदलायचे, तेवढा भाग धुवायचा. आवडीनिवडीचा इथे संबंधच नाही. मुलगी खरोखर चांगली. तिचा चेहरा पडला. "मग ते बोलले का नाहीत?"

बोलत नाहीत माणसं. सोवळ्यात देवीला निघालेली बाई बोलत नाही, पायजमा खराब झालेले चाचा बोलत नाहीत, दमेकरी बोलत नाही. वाट बदलतात, वेळ बदलतात, एक दिवस यायचेच थांबतात. टेकडीवर गर्दी दिसते तीत हे थांबलेले लोक नसतात.

रविवार, १० ऑगस्ट

धाराशिव लेण्यांवर. सात लेण्यांचा हा गट, बालाघाटाच्या कुशीत कोरलेला. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जवळपास ८० फूट लांब-रुंद सभामंडप आहे. बाहेर पाऊस, आत गारवा. कॉलेजची पोरं दोन कुत्री मोकळी घेऊन आली होती. त्यातलं एक आत शिरलं आणि खांबापाशी पाय वर केला. त्याच वेळी दर्शनाला आलेलं एक जैन कुटुंब पायऱ्यांशी चपला काढत होतं. कुणी काही बोललं नाही. पोरांतल्या एकाने मात्र बाटलीतलं सगळं पाणी तिथे ओतलं, रुमालाने जागा पुसली आणि दोन्ही कुत्री बाहेर नेऊन लिंबाला बांधली. कुणी न सांगता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

रविवार, १७ ऑगस्ट

भाचीचा नॉर्वेहून फोन. तिच्याकडे आता एक कुत्री आहे. म्हणाली, "आत्या, इथे १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रं दोरीशिवाय रानात न्यायचं नाही, देशाचा कायदाच आहे." कारण मेंढरं. उन्हाळ्यात डोंगरावर मेंढ्या मोकळ्या सोडतात, आणि तोच पक्ष्यांच्या पिल्लांचा हंगाम असतो. मला ते फार आवडलं. ज्याला बोलता येत नाही त्याचा हंगाम बघून माणसाने आपल्या हाताला दोरी बांधून घ्यायची.

आपल्या माळाचाही हंगाम असतोच. टिटवी उघड्या जमिनीवर चार खडे मांडून अंडी घालते, तितर झुडपाच्या बुडाशी. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली म्हणजे घरटं जवळ आहे, माघारी फिरायचं. शेतकऱ्याची पोरं हे जाणतात. नांगर चालवताना टिटवीची अंडी दिसली तर तेवढा तुकडा सोडून तास काढणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

आमच्या शेजारी नान्नजला, माळढोकाच्या अभयारण्यात, अबी तमीम वनक यांनी खोकड आणि कुत्री यांचा अभ्यास केला होता. कुत्र्यांचा वावर असेल तिथे खोकड फिरकत नाही, चांगल्या खाण्याची जागाही सोडून देते, असं त्यांना दिसलं. कुत्र्याने तिला पकडायची गरज नाही, त्याचं असणंच पुरतं. मला ते वाचताना हातलाईच्या आजी दिसल्या.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. बैलं रंगली, मिरवली. राखणीच्या कुत्र्यालाही पुरणपोळीचा तुकडा मिळाला.

संध्याकाळी बातमी आली. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सगळी कुत्री उचलण्याचा ११ तारखेचा आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पकडली त्याच भागात परत सोडायची, पिसाळलेली आणि अंगावर जाणारी सोडून. खाऊ घालायला जागा ठरवून द्यायची, रस्त्यात कुठेही घालायचं नाही. पारावर यावरून दोन तट पडले. एक म्हणे सगळी उचला, दुसरा म्हणे मुक्या जिवावर अन्याय. मला खाऊ घालण्याची जागा ठरवा हे पटलं. शहराचं शहर जाणे, पण डोंगरवाटेवरचा माझा अनुभव तोच सांगतो. त्याबद्दल कोजागिरीला लिहीन, तेव्हा ते डोळ्यांसमोरच असतं.

रविवार, १४ सप्टेंबर

भूमकडच्या माळावर मैत्रिणींबरोबर चालायला गेलो. खंड्या घरी. सकाळचे नऊ असतील. चढ संपला आणि समोर धनगरांचा वाडा. वाघर लावलेली, कोकरं आत, दोन घोडी बाजूला चरताहेत. मेंढरांची खांड नुकतीच हलायला लागली होती. आम्हाला बघून तीन कुत्री एकदम उठली. भुंकली नाहीत. नुसती उठली आणि आमच्या व मेंढरांच्या मधे येऊन उभी राहिली. भुंकण्यापेक्षा ते जास्त अंगावर येतं.

आमच्यातली एक खाली वाकायला गेली, दगड उचलल्यासारखं करायला. गावातल्या कुत्र्याला ते चालतं. मी तिचा हात धरला. राखणीच्या कुत्र्यासमोर वाकला तो चोर. आम्ही होतो तिथे उभ्या राहिलो आणि वस्तीकडे तोंड करून हाळी दिली, "मामा, कुत्रं धरा हो!"

ही हाळी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कुणाच्याही वस्तीवर जाताना बांधावर थांबायचं, हाळी द्यायची, आतून "या, धरलंय" आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. पाहुण्याने थांबायचं आणि घरच्याने धरायचं, दोघांनीही. डोंगरवाटेवरच्या शिष्टाचाराची पुस्तकं लोक परदेशातून मागवतात. आपल्या प्रत्येक शेतवस्तीवर ती रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे, आणि शहरात राहायला गेलेला माणूस ती बांधावरच ठेवून जातो याचं मला वाईट वाटतं.

मामी पुढे आल्या. काही ओरडल्या नाहीत. जिभेने टाळ्याला एक आवाज काढला, दोन कुत्री बसली. तिसरं बसेना, तर त्याच्या मानगुटीवर नुसता हात ठेवला. त्याच्या गळ्यात दोरीने हातभर लाकूड अडकवलेलं होतं, पुढच्या पायांना लागेल असं. लोढणं.

"नवं हाय ते अजून," मामी म्हणाल्या. "वाटंच्या माणसाच्या अंगावर जातंय. म्हणून लोढणं घातलंय. पळाय लागलं की पायाला लागतंय, मग आपसूक थांबतंय."

आम्ही मेंढरांच्या खालच्या बाजूने लांबून वळसा घेतला, कोकरं आणि कुत्री यांच्या मधून जाणं टाळून. मामांनी चहाला बसवलं. लांडग्याच्या गोष्टी निघाल्या. लांडगा वाऱ्याच्या उलट्या अंगाने येतो, एक समोर दिसतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो. कुत्री नसतील तर एक रात्र निघणार नाही. मी विचारलं, इतकं राखणीचं जनावर, मग वाटसराला त्रास होऊ नये म्हणून एवढी काळजी कशाला? वाट सरकारची, माळ सगळ्यांचा.

मामा म्हणाले, "ताई, कोण चोर आन् कोण वाटसरू, कुत्र्याला काय कळतंय? ते आपुन सांगायचं असतंय. आपुन न्हाई सांगितलं तर त्यो दोष कुत्र्याचा न्हाई."

निघताना एक गोष्ट विचारली आणि उत्तर ऐकून गप्प झाले. कुत्र्यांना पिसाळीची लस टोचली आहे का? "कवा टोचायची? डॉक्टर गावात, आमी माळावर. आज हितं, चार दिसांनी तिथं." तिन्ही कुत्र्यांना जन्मात सुई लागलेली नव्हती.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री अमावास्या. उद्या घटस्थापना. तुळजापूरहून ज्योत घेऊन गावोगावची मंडळं रात्रभर पळणार, पोरं अनवाणी, हातोहात ज्योत बदलत, मागे टेम्पो. पळणारा माणूस, हातात जाळ, वर घोषणा. कुत्र्याने पाठ धरावी असं सगळं त्यात आहे. आमच्या आजोळी अमावास्येला दिवेलागणीलाच सगळी कुत्री बांधतात. बायकांनी लावलेली शिस्त आहे ती. कुठल्यातरी वर्षी एका पोराच्या पोटरीला कुत्रं लागलं, तेव्हापासून. ज्योत येते, बाया पायांवर पाणी घालतात, ज्योत पुढे गेली की कुत्री सोडतात.

मंगळवार, २३ सप्टेंबर

परांडा, भूमकडे हाहाकार. नद्या गावांत शिरल्या, माणसं घरांच्या छपरांवर, बचावाला हेलिकॉप्टर आलं. जनावरं दावणीला बांधलेली तशीच गेली. आज चालण्याबिलण्याचं काही लिहिणार नाही. माळावरच्या वाड्याचं काय झालं असेल हे डोक्यातून जात नाही. फोन लागत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

फोन लागला. वाडा उंचवट्यावर होता म्हणून वाचला. काही कोकरं गारठ्याने गेली. कुत्री आहेत.

आज जागतिक रेबीज दिन. २८ सप्टेंबर १८९५ ला लुई पाश्चर गेले, त्यांच्या स्मरणाचा दिवस. ६ जुलै १८८५ ला त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिल्यांदा लस दिली आणि मुलगा वाचला. त्याला आता १४० वर्षं झाली. तरी अजून आपल्याकडे चावलेल्या जागी मिरची भरतात, चुना लावतात.

शेजारच्या शाळेत बोलावलं होतं, तिथे मुलांना सांगितलं ते इथेही टिपून ठेवते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती १५ मिनिटं धुवायची. वर काही फासायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना, आणि लशीचे सगळे डोस, मधला एकही न चुकवता. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लशीबरोबर सीरमही लागतं. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र जवळपास कुणीच वाचत नाही. आणि कुत्रं समोर आलं तर पळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. एका मुलाने विचारलं, "बाई, आणि कुत्रं आपलंच असंल तर?" मी म्हटलं, मग दोरी धरायची आणि दुसऱ्याला झाड व्हायला लावायचं नाही. वर्ग हसला. त्याने मात्र वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर विद्या अत्रेय यांचा अकोले तालुक्यातल्या बिबट्यांवरचा अभ्यास पुन्हा काढला. वजनाच्या हिशेबाने तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. म्हणजे उकिरड्यावर वाढलेली कुत्री बिबट्याला वस्तीजवळ येण्याचं कारण देतात. रात्रीच्या ट्रेकला कुत्रं सोबत असलं की धीर वाटतो असं पोरं म्हणतात, त्यांना हा आकडा दाखवायला हवा.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत असलेली तुळजाभवानी आई पौर्णिमेला उठते, तिच्या दर्शनाला सोलापूरहून रात्रभर चालत माणसं येतात. सुमारे ४५ किलोमीटर. सारा रस्ता माणसांचा. आम्ही दरवर्षीसारखं रस्त्याकडेला चहा-पाणी ठेवलं होतं.

या रस्त्यावर मी दरवर्षी एकच गोष्ट बघते. कुठल्यातरी ढाब्यापाशी कुणी कुत्र्याला बिस्किट टाकतो. कुत्रं मागे येतं. पुढचा आणखी एक टाकतो. लोकांना त्यात देवीची लीला दिसते, फोटो काढतात, "हेही चाललंय आईच्या दर्शनाला." ते वीस-पंचवीस किलोमीटर चालतं. त्याच्या वाटेत प्रत्येक गावची कुत्री वेशीवर वाट अडवून उभी असतात, प्रत्येक वेशीवर भांडण. तुळजापुरात पोचल्यावर माणसं दर्शनबारीत शिरतात, परतीला एसटीत बसतात, आणि कुत्रं अनोळखी गावात एकटं राहतं. काल पहाटे असंच एक आमच्या चहाच्या टेबलाखाली येऊन पडलं. तांबूस, कान फाटलेला, पंजे सोललेले. पंजांच्या गाद्या अक्षरशः कागदासारख्या सुटल्या होत्या. हळद घालून कोमट केलेल्या पाण्याने धुतले, तेव्हा ते कण्हलंही नाही.

गडांवरही हेच. गडावरचं कुत्रं ट्रेकरला वाट दाखवतं याचं कौतुक मलाही आहे. पण त्याला खाली पायथ्यापर्यंत बिस्किटं दाखवत आणायचं आणि गाडी सुरू करून निघून जायचं, ही सोबत नव्हे. खाऊ घालायचं तर त्याच्या जागी घाला आणि तिथेच त्याला राहू द्या. नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन ते धावले. ते कुत्र्याच्या मागे गेले, त्याला आपल्या मागे नेलं नाही. परांड्याजवळच्या सोनारीच्या काळभैरवाचं वाहनही कुत्रंच, आणि नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाबरोबरही कुत्रं असतं. या जिल्ह्यात कुत्र्याला मान कमी नाही. त्या मानाला जबाबदारीची जोड द्यायला आपण कमी पडतो.

तांबूस पाहुण्याला सोलापूरला परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याने घेतलं. ज्या ढाब्यापाशी ते मागे लागलं तो ढाबा एका चालणाऱ्याला आठवत होता. तिथे उतरवून फोन करतो म्हणाला. दुपारी फोन आला. कुत्रं उतरताच ढाब्याच्या मागच्या अंगाला पळालं.

रविवार, १२ ऑक्टोबर

टेकडीवर लॅब्राडोर दोरीला बांधलेला दिसला. मी काही विचारलं नाही, त्याच्या मालकाने आपणहून वाट सोडली. डोंगराच्या बाजूला उभा राहिला. म्हटलं, "दादा, उताराकडे." तो क्षणभर थांबला, मग कारण विचारलं. सांगितलं. मागून भरतीची पोरं आली तेव्हा तो उताराला उभा होता.

दुपारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेले. माळावरच्या कुत्र्यांचं सांगितलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, धरणार कोण? अनोळखी माणसाला राखणीची कुत्री हात लावू देणार नाहीत, आणि त्यांच्या अंगात बळ फार. लस बर्फात न्यायची, दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या मधे ठेवायची, म्हणजे थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या माझ्या. मामांना फोन लावला. पाऊस उघडल्यामुळे वाडा हलायच्या तयारीत आहे, पण बुधवारपर्यंत आहे तिथेच. आजूबाजूच्या दोन वाड्यांचीही कुत्री आणतो म्हणाले, सगळी मिळून दहा-बारा होतील. मामी मागून ओरडून सांगत होत्या की लोढणंवाल्याला पहिल्यांदा टोचा, ते लशीचा वास आला की पळंल.

डॉक्टरांनी बुधवारी सकाळी सातची वेळ दिली आहे. मेंढरं सुटायच्या आत पोचायचं, कारण एकदा खांड हलली की कुत्री तिच्यामागे जातात आणि संध्याकाळपर्यंत हाती लागत नाहीत. गाडी बांधापर्यंतच जाते. पुढे थर्मास घेऊन चालायचं, आणि वस्ती दिसली की थांबून हाळी द्यायची, हे डॉक्टरांना आजच सांगून ठेवलं.